चंचल मुलासाठी शाळा कोणती?

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या बँकेत मुदतठेवी मोडणाऱ्यांची गर्दी वाढते. कारण विचारले तर बहुधा शाळेची फी. काही वर्षांपूर्वी आम्हीही अशीच ठेव मोडून धाकट्या मुलास एका नामांकित इंग्रजी शाळेत घातले. दुसरीपासून तक्रारी सुरू झाल्या. वही अपुरी, डबा हरवला, बाकावर बसत नाही. आम्ही रागावलो, हातही उगारला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे.

पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले : अवधानाची कमतरता व अतिचंचलता, म्हणजेच ए.डी.एच.डी. हा बुद्धीचा दोष नव्हे, संस्कारांचाही नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्हीकडे दिसणारी असली तरच हे निदान होते. म्हणून प्रत्येक मस्तीखोर मुलाला हे नाव चिकटवू नये. उलट काही मुली गप्प बसून खिडकीबाहेर पाहत राहतात. त्यांची अडचण कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता शाळेचा प्रश्न. (आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी असलेली शाळा नेमकी खाजगी असते, ही एक गंमतच!) आमच्या समाजबांधवांना पोटाला चिमटा घेऊन खाजगी शाळा गाठावीशी वाटते, त्यात गैर काहीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार विनाअनुदानित खाजगी शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. ती जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी अंगावर येते आणि अशा मुलाला ऐन त्या वयात शाळा बदलणे फार जड जाते. हा हिशेब आधीच मांडावा.

महापालिकेच्या शाळेतही सारे आलबेल नाही. शिक्षक निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामाला जातात, मग दोन वर्ग एकत्र बसतात. ज्याचे लक्ष आधीच टिकत नाही, त्याला हा गोंधळ सर्वांत बाधतो. कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्ष किती मुले बसतात, ते वर्गात जाऊनच पाहावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ए.डी.एच.डी. स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. दोन्ही पुष्कळदा एकत्र आढळतात. तेव्हा वाचन-लेखन वा गणितही अडत असेल तर तपासणी करून घ्यावी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीला जादा वेळ वगैरे सवलती मिळतात.

आम्ही तीन शाळा पाहिल्या. दोन ठिकाणी मागच्या वर्षीचे गुण विचारले. तिसऱ्या, महापालिकेच्या मराठी शाळेतील बाईंनी विचारले, "त्याला काय करायला आवडते?" आणि म्हणाल्या, "पुढच्या बाकावर बसवीन. दर पंधरा मिनिटांनी फळा पुसायला उठवीन." आम्ही तेथेच नाव घातले. डबा तो आजही विसरतो. बाई तो कपाटात ठेवून देतात.