मोटारीतील ध्वनियंत्र घरच्या विजेवर

वसतिगृहातील माझ्या दहावीच्या वर्षातली एक रात्र मला आजही स्पष्ट आठवते. एका मित्राने सुट्टीवरून येताना मामाच्या जुन्या जीपमधून काढलेला टेप आणि दोन स्पीकर आणले होते. टेपला पिन नव्हती. मागे नुसत्या रंगीत तारा लोंबत होत्या. त्यांतील दोन तारा सोलून त्याने थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसल्या. क्षणभर निळा उजेड चमकला, मोठा आवाज झाला आणि साऱ्या खोल्यांत अंधार पसरला. मित्राची दोन बोटे भाजली. टेप तर कायमचा गेला. अधीक्षक सर धावत आले. त्यांनी प्रथम मुख्य स्विच बंद केला, मग त्याच्या हातावर थंड पाणी ओतले आणि रागावणे सकाळवर टाकले. सकाळी ते एवढेच म्हणाले, “टेप वाजवायचाच होता, तर आधी विचारायचे होतेस रे.”

पुढे मी विजेच्याच कामात पडलो. झरी आणि परभणी-जिंतूर रस्त्यावरील गावांत फिरताना हाच प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गाडी विकली जाते वा भंगारात निघते, तिच्यातील टेप व अॅम्प्लिफायर मात्र सुस्थितीत असतात. ते घरी वाजवता येतील का? येतील, परंतु रीत समजून घेतली तरच. त्या रात्री जे आम्ही विचारले नाही, त्याचे उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे.

प्रथम दोन विजांतील भेद पाहू. महावितरणकडून घरात येणारी वीज 230 व्होल्टची असून ती प्रत्यावर्ती असते; म्हणजे तिची दिशा सेकंदाला 50 आवर्तनांच्या गतीने उलटसुलट होत राहते. मोटारीतील बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट देते आणि इंजिन चालू झाल्यावर हा दाब 13.8 ते 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. मोटारीचा टेप एवढ्याच दाबासाठी घडवलेला असतो. त्यावर 230 व्होल्ट सोडणे म्हणजे अठरापटींहून अधिक दाब देणे होय. म्हणून दोन कामे करावी लागतात : दाब उतरवणे आणि प्रवाह एकदिश करणे.

ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, चार डायोडांचा पूल प्रवाह एकदिश करतो आणि मोठा कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करतो. पुष्कळजण एवढ्यावरच थांबतात. परंतु 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा शिखरदाब जवळजवळ 17 व्होल्ट असतो. भार नसताना कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. डायोडांत थोडा दाब खर्च झाला, तरी 15 व्होल्टहून अधिक उरतो आणि रात्री लाइनचा दाब वाढला की तो आणखी चढतो. यासाठी दाब स्थिर राखणारा संच घ्यावा. बाजारात तो ‘एसएमपीएस’ या नावाने मिळतो. एलईडी पट्ट्यांसाठी वापरली जाणारी जाळीदार धातूची पेटी ती हीच.

संच किती अँपिअरचा घ्यावा? टेपच्या खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ असे छापलेले असते. त्यावर विसंबू नये. टेपच्या मागील फ्यूज पाहावा. तो 10 अँपिअरचा असेल, तर 14.4 व्होल्टला टेप सतत घेऊ शकेल अशी कमाल शक्ती 144 वॅट ठरते. त्यातील सुमारे 60 टक्के आवाजाच्या कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे चारही स्पीकर मिळून सुमारे 86 वॅट, प्रत्येकी एकवीस-बावीस. खोक्यावरील 200 वॅट हा क्षणिक शिखराचा आकडा असतो. अशा टेपला 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा संच पुरतो. घरगुती आवाजात तो दोन-तीन अँपिअरच घेतो. मात्र 30 अँपिअरचे दोन फ्यूज असलेला मोठा अॅम्प्लिफायर घरी चालवायचा, तर 60 अँपिअरचा संच लागेल. तो खर्च करण्यापेक्षा घरच्या विजेवर चालणारा अॅम्प्लिफायर घेणेच शहाणपणाचे. सभा-समारंभांत दिसणारे अनेक अॅम्प्लिफायर मुळातच घरची वीज आणि 12 व्होल्टची बॅटरी अशा दोन्हींवर चालतील असे बनवलेले असतात. मोटारीच्या अॅम्प्लिफायरमध्ये ती सोय नसते.

आता तारा. बहुतेक टेपांत पिवळी तार कायम विजेची असते. घड्याळ आणि स्टेशनांची स्मृती तिच्यावर टिकते. लाल तार गाडीच्या किल्लीशी जोडलेली असते. काळी ऋण टोकाची. घरी किल्ली नसल्यामुळे लाल व पिवळी एकत्र करून संचाच्या धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला जोडावी. निळी किंवा निळी-पांढरी तार वेगळ्या अॅम्प्लिफायरला चालू होण्याचा इशारा देते. अॅम्प्लिफायर नसेल, तर तिचे टोक टेपने झाकून ठेवावे. पांढऱ्या, करड्या, हिरव्या व जांभळ्या जोड्या स्पीकरांच्या असतात. त्यांतील काळी रेघ असलेली तार त्या स्पीकरची ऋण बाजू दाखवते. या रेघवाल्या तारा एकमेकींना किंवा मुख्य काळ्या तारेला कधीही जोडू नयेत. टेपमधील आवाजाचा भाग जळतो. जोडणीपूर्वी टेपवरील आकृती पाहावी, कारण काही कंपन्यांचे रंग निराळे असतात.

जुन्या संगणकाचा वीजसंचही कामी येतो. त्याची हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो आणि पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट मिळतात. किती अँपिअर मिळतील, हे त्याच्या लेबलवर लिहिलेले असते. त्याची पेटी मात्र उघडू नये. पिन काढल्यानंतरही आतील कपॅसिटरांत घातक दाब काही काळ साठून राहतो.

भारनियमनाच्या काळापासून आपल्या अनेक घरांत इन्व्हर्टरची बॅटरी आहे. 150 अँपिअर-तासांची बॅटरी तीन अँपिअर घेणारा टेप हिशेबाने 50 तास चालवील. पण तिचे आयुष्य राखायचे, तर निम्म्यावर थांबावे. काही घरांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट घेतलेले असतात, म्हणून आधी मीटरने मोजावे. बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. तरीही दोन टोकांमध्ये पान्हा किंवा बांगडी आडवी पडली, तर शेकडो अँपिअर वाहून धातू लालबुंद होतो. त्यामुळे धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेणारा असतो. बंद खोलीत, देवघराच्या वा चुलीच्या जवळ बॅटरी ठेवू नये. बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर टेप चालवू नये. गुणगुण ऐकू येते आणि टेपही बिघडतो.

स्पीकर नुसता टेबलावर ठेवला, तर आवाज पोकळ येतो. पडद्याच्या पुढची आणि मागची हवेची लाट एकमेकींना मारते आणि खर्ज नाहीसा होतो. मोटारीत दरवाजा त्या लाटा अलग ठेवतो. घरी लाकडी पेटी करावी. मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवण्याची खेड्यातली युक्ती याच तत्त्वावर चालते.

शेवटी सुरक्षिततेचे. धातूच्या संचाला तीन पिनांचीच वायर लावावी आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. 230 व्होल्टचे टर्मिनल उघडे ठेवू नये. मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी तर नाहीच. मुख्य फलकावर 30 मिलीअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवावा. घरच्या विजेचा भाग जाणत्या वायरमनकडूनच जोडून घ्यावा. बारा व्होल्टची बाजू आपण शिकून करावी. आवाजालाही मर्यादा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही सीमा असून शाळा व रुग्णालयांभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. शेजारच्या खोलीत कुणी अभ्यासाला बसलेले असते, हे वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

भाजलेल्या बोटांचा माझा तो मित्र आज गाड्यांचे वायरिंग करतो. त्याच्याकडे शिकणारी मुले कोणत्याही तारेला हात लावण्याआधी मीटर लावतात, आणि मीटरवर काय दिसले ते त्याला मोठ्याने सांगतात.