सत्तर मिनिटांचा गोलरक्षक

टर्नर चषक हा उत्तर अमेरिकेतील इंटरनॅशनल हॉकी लीग या दुय्यम दर्जाच्या आइस हॉकी लीगच्या विजेत्याला मिळणारा चषक. १९४६ ते २००१ अशी छप्पन्न वर्षे तो दिला गेला. या खेळातले बहुतेक नामांकित चषक आश्रयदात्यांच्या किंवा पदाधिकाऱ्यांच्या नावाचे आहेत. स्टॅन्ली चषकाला कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचे नाव आहे, ॲलन चषकाला माँट्रियलच्या धनाढ्य उद्योगपतीचे, काल्डर चषकाला नॅशनल हॉकी लीगच्या पहिल्या अध्यक्षाचे. जो टर्नर यांपैकी कोणीच नव्हता. ज्या लीगने त्याचे नाव आपल्या चषकाला दिले, तिच्यात तो एकही सामना खेळला नव्हता. ती लीग जन्मली तेव्हा तो जिवंतही नव्हता.

टर्नरचा जन्म १९१९ मध्ये कॅनडातल्या विंडसर या गावी झाला. नदीच्या एका काठाला विंडसर आणि समोर अमेरिकेतले डेट्रॉइट. नदीच्या वळणामुळे इथे कॅनडा दक्षिणेला येतो आणि अमेरिका उत्तरेला. विंडसरच्या पोरांचा संघ म्हणजे पलीकडच्या काठावरचा, नॅशनल हॉकी लीगमधला डेट्रॉइट रेड विंग्ज. टर्नर त्यांच्याच इंडियानापोलिस कॅपिटल्स या पोटसंघाचा गोलरक्षक झाला.

१९४१-४२ च्या हंगामात नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सात संघ होते आणि प्रत्येक संघ एकच गोलरक्षक बाळगी. अव्वल दर्जाच्या गोलरक्षकाच्या जागा सातच, आणि जागेवर बसलेला माणूस हाडे मोडल्याशिवाय उठत नसे. तोंडावर मुखवटा घालण्याची रीत रुळू लागायला १९५९ साल उजाडावे लागले, त्यामुळे गोलरक्षक सुटणाऱ्या रबरी चकतीसमोर उघड्या चेहऱ्याने उभे राहत. रांगेत थांबलेल्यांना बोलावणे आले तर एखाद्या रात्रीपुरते येई. टर्नरला ते ५ फेब्रुवारी १९४२ रोजी आले. नेहमीचा गोलरक्षक जॉनी मावर्स याच्या जागी तो टोराँटो मेपल लीफ्सविरुद्ध उभा राहिला. सामना ३-३ असा सुटला.

बरोबरीत असलेल्या सामन्यात तेव्हा दहा मिनिटे वाढवून देत. म्हणून टर्नरच्या नावावर साठऐवजी सत्तर मिनिटांचा खेळ आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा नियम गेला. युद्धकाळात आगगाड्यांची वेळापत्रके कडक झाली होती आणि संघांना गाडी चुकवणे परवडणारे नव्हते. साखळी सामन्यांत जादा वेळ परत यायला पुढे चाळीसेक वर्षे लागली.

टर्नरला पुन्हा बोलावणे आले नाही. त्या हंगामात कॅपिटल्सने काल्डर चषक जिंकला. वर रेड विंग्ज आणि मेपल लीफ्स स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत भिडले; ०-३ अशा पिछाडीवरून टोराँटोने ४-३ अशी बाजी मारली, आणि हॉकीच्या इतिहासात त्या हंगामाची ओळख तेवढीच उरली. टर्नर कॅनडाचा असूनही अमेरिकी सैन्यात गेला आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनीच्या सीमेवरील हुर्टगनच्या जंगलात मारला गेला. अमेरिकी सैन्याने त्या जंगलात महिनोन्महिने माणसे घालवली. बदल्यात काय मिळाले, याचे समाधानकारक उत्तर लष्करी इतिहासकारांनाही देता आलेले नाही.

५ डिसेंबर १९४५ रोजी विंडसरच्या नॉर्टन पामर हॉटेलात काही मंडळी जमली. युद्धावरून परतलेल्या तरुण खेळाडूंना सामने हवे होते. बैठकीला रेड विंग्जचे जॅक ॲडम्स आणि प्रसिद्धीचे काम पाहणारे फ्रेड ह्यूबर होते, विंडसरची स्थानिक मंडळी होती. चार संघ ठरले, दोन डेट्रॉइटचे आणि दोन विंडसरचे. मधल्या एका नदीच्या बळावर लीगने ‘इंटरनॅशनल’ हे भारदस्त नाव घेतले. साखळीतील पहिल्या क्रमांकाच्या चषकाला पुढे ह्यूबर यांचे नाव मिळाले; अंतिम विजेतेपदाचा मान मात्र गावच्या मृत मुलाकडे राहिला. क्रीडा संघटनांना असा विवेक क्वचितच सुचतो.

पहिला चषक डेट्रॉइट ऑटो क्लबने नेला. १९४७ मध्ये टोलेडोचा संघ आला आणि लीग नदीकाठ सोडून पसरू लागली. सिनसिनाटी मोहॉक्सने १९५३ पासून सलग पाच वर्षे चषक सोडला नाही. त्यानंतरची तीन दशके फोर्ट वेन, मस्कीगॉन, पोर्ट ह्युरन, डेटन, सॅगिनॉ, फ्लिंट अशा, मुख्यतः कारखान्यांच्या गावांची. टर्नर चषकाचा खरा संसार याच गावांत झाला.

१९९० च्या दशकात लीगला मोठेपणाची हौस आली. शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, ऑर्लँडो अशा महानगरांत संघ उभे राहिले आणि पगार व प्रवासखर्च वाढत गेला. डेन्व्हर ग्रिझलीजने १९९५ मध्ये चषक जिंकला; तेवढ्यात नॅशनल हॉकी लीगचाच संघ डेन्व्हरला आला, म्हणून ग्रिझलीजना उठून युटाला जावे लागले. तिथे नव्या नावाने त्यांनी १९९६ चा चषकही जिंकला. १९९७ चे विजेते डेट्रॉइट व्हायपर्स. त्यांनी त्या ऑक्टोबरात एकोणसत्तर वर्षांच्या गॉर्डी हॉवला, रेड विंग्जच्या सर्वांत थोर खेळाडूला, एकाच पाळीपुरते बर्फावर उतरवले, ते सहा दशकांत खेळल्याचा विक्रम व्हावा म्हणून. टर्नरच्या एका सामन्यापुढे ही जाहिरातबाजी फिकी वाटते.

२००१ मध्ये ऑर्लँडो सोलर बेअर्सने शिकागो वुल्व्ह्जला हरवले. काही दिवसांतच लीग बंद पडली. सहा संघांना अमेरिकन हॉकी लीगने सामावून घेतले. विजेत्या ऑर्लँडोला त्यात जागा मिळाली नाही. पराभूत शिकागोने मात्र पुढच्याच वर्षी त्या लीगचा काल्डर चषक जिंकला.

२००७ मध्ये युनायटेड हॉकी लीगने इंटरनॅशनल हे जुने नाव घेतले आणि आपल्या विजेतेपदाला पुन्हा टर्नरचे नाव दिले. २००८, २००९ आणि २०१० असा तिन्ही वेळा तो मान फोर्ट वेन कोमेट्सने मिळवला. जुन्या लीगमध्ये त्यांनी चषक चारदा जिंकला होता. १९९३ मध्ये तर बाद फेरीचे बाराच्या बारा सामने जिंकून. २०१० च्या उन्हाळ्यात ही लीग सेंट्रल हॉकी लीगमध्ये विलीन झाली. त्या लीगचा स्वतःचा चषक होता, त्यामुळे टर्नर चषक थांबला.

नॅशनल हॉकी लीगच्या दप्तरात जो टर्नरची नोंद एका ओळीची आहे: सामने १, बरोबरी १, मिनिटे ७०, झालेले गोल ३, सरासरी २.५७.