माहितीपट : जिल्ह्याची गोष्ट जगाला कळावी कशी?

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी (ता. मोहाडी) येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. बातम्यांतून देशाला ठाऊक झालेले हे गाव पुढे आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटातून परदेशी प्रेक्षकांसमोरही आले. मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेला गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या येथून सुरू होणारा हा चित्रपट घडायला १४ वर्षे लागली. जातिव्यवस्थेशी परिचय नसलेल्या प्रेक्षकालाही तो समजतो, कारण इतिहास सांगण्याचे बरेचसे काम त्यात निवेदकाऐवजी शाहिरांची गाणी करतात. जगासाठी माहितीपट करू इच्छिणाऱ्यांना येथूनच पहिला धडा घेता येतो : स्थानिक तपशील गाळायचा नसतो, तो उलगडायचा असतो.

माणूस आधी, विषय नंतर

बातमी घटना सांगते. माहितीपट त्या घटनेच्या मागचे-पुढचे जगणे दाखवतो. 'हवामानबदल' हा विषय झाला. परंतु सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'मध्ये तो मुंबईच्या दोन कोळी मित्रांच्या ताणल्या गेलेल्या मैत्रीतून उमगतो. २०२३ च्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'मध्ये महाराष्ट्रातील जत्रांत फिरणाऱ्या तंबू-सिनेमाची अखेर टिपली. २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटातही केंद्रस्थानी आहेत ती तंबू चालवणारी आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारी माणसे. अशी माणसे कॅमेऱ्यासमोर मोकळी होण्यासाठी दिग्दर्शकाला त्यांच्यासोबत दीर्घकाळ राहावे लागते.

'मामा'चे भाषांतर

भंडाऱ्याकडे अशा विषयांची वाण नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली; धरणाने विस्थापित केलेली गावे हा एक विषय. दुसरा विषय तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या अनेक तलावांची मालकी मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेली आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचे संक्षिप्त रूप होऊन ते 'मामा तलाव' झाले. उपशीर्षकात त्याचे शब्दशः भाषांतर झाले, तर परदेशी प्रेक्षक एखाद्या मामाचा शोध घेत बसेल. त्याऐवजी धानाच्या बांधीत सोडलेले पाणी, ढीवरांची जाळी आणि गाळाने भरलेले पात्र एकापाठोपाठ दिसले, तर तलावावर कोणाचा हक्क आणि निगा कोणाची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उपशीर्षके दोन ओळींत मावणारी आणि वाचून होईपर्यंत पडद्यावर टिकणारी हवीत. म्हणून झाडीबोली जाणणारा भाषांतरकार संकलनाच्या टप्प्यापासूनच सोबत असावा.

निधी आणि प्रशिक्षण

परदेशी वाहिन्यांवर माहितीपटाची रूढ लांबी सुमारे ५२ मिनिटांची असते. महोत्सवांसाठी अनेकदा वेगळी, लांब आवृत्ती केली जाते. निधीसाठी आधी लेखी प्रस्ताव आणि चित्रित साहित्याची छोटी झलक द्यावी लागते. हा चित्रपट आताच का आणि तो तुम्हीच का करावा, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळाली पाहिजेत. प्रस्ताव मांडण्याचे प्रशिक्षण कोलकात्याच्या 'डॉकएज'मध्ये मिळते. अॅमस्टरडॅमच्या 'इडफा' महोत्सवाशी संलग्न निधीही आहे. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही शिक्षणाची परिचित केंद्रे. १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जगभरचे माहितीपट पाहणे हेही शिक्षणच.

आधी कोणाला दाखवायचे?

दूरच्या प्रेक्षकाला हेलावून सोडण्याच्या नादात गावाला केवळ दैन्याचे चित्र करून टाकण्याचा धोका मोठा असतो. चित्रपट परदेशात जातो. त्यातली माणसे मात्र त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहतात. अत्याचारग्रस्त किंवा साक्षीदार यांच्याबाबत एक दृश्यही धोकादायक ठरू शकते. त्यामुळे संमतीपत्रावरील सही पुरेशी नाही. चित्रपट कोठे आणि कोणासमोर दाखवला जाणार, हे त्यांच्या भाषेत सांगणे आणि अंतिम संकलनापूर्वी त्यांना तो दाखवणे आवश्यक आहे. आपलेच जगणे पडद्यावर त्यांना ओळखता आले नाही, तर परदेशातील टाळ्यांना फारसा अर्थ उरत नाही.