फुटबॉल संघाच्या कोचची नोकरी : उमेदवार पगाराशिवाय काय काय बघतात?



जुलै २०२५ मध्ये भारताच्या पुरुष फुटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षकाची, म्हणजे हेड कोचची, जागा रिकामी झाली. तेव्हा आपला संघ फिफाच्या जागतिक क्रमवारीत १३३ व्या स्थानावर होता. आधीचे कोच मानोलो मार्केझ नुकतेच बाजूला झाले होते. त्यांच्याही आधीच्या इगोर स्टिमाक यांना २०२४ मध्ये काढलं होतं आणि ते भांडण पार फिफापर्यंत गेलं होतं. अशा खुर्चीवर बसायला कोण तयार होईल, असं आपल्याला वाटेल. पण अर्ज आले तब्बल १७०! शेवटी तीन नावं उरली : खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टन्टाईन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच. १ ऑगस्टला खालिद जमील यांची निवड जाहीर झाली.

आता प्रश्न असा की, एवढ्या लोकांना या नोकरीत काय दिसलं? पगार, हे उत्तर कोणीही देईल. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. जाणता कोच पगाराच्या आकड्याबरोबर आणखी चार-पाच गोष्टी तपासतो. त्या गोष्टी आपल्या मुलांनाही कळायला हव्यात असं मला वाटतं, कारण आपल्या डहाणू-तलासरीची मुलं बारावी झाली की थेट नोकरीच्याच दारात उभी राहतात. चला तर मग, एकेक गोष्ट पाहूया.

१) जबाबदारीएवढा अधिकार आहे का?

संघ हरला की कोच जातो. म्हणून कोचचा पहिला प्रश्न असतो, "खेळाडू कोण निवडणार? मी, की मालक?" हरल्यावर मान माझी जाणार असेल, तर निवडीत माझा शब्द हवा. साधा हिशेब आहे.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या, मुंबई सिटी एफसीचं. डहाणू लोकलने अंधेरीला उतरलं की या संघाचं घरचं मैदान तिथे आहे. स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा आधी एफसी गोवामध्ये होते. संघ चांगला खेळत होता, गुणतालिकेत वर होता, तरी जानेवारी २०२० च्या शेवटी, साखळी फेरीचे मोजकेच सामने उरलेले असताना, त्यांना जावं लागलं. त्याच वर्षी ते मुंबईत आले. त्यांच्या पाठोपाठ गोव्याचे मुर्तदा फाल, अहमद जाहू, ह्युगो बूमू आणि मंदार राव देसाई हे खेळाडूही मुंबई सिटीत आले. आपल्या पद्धतीने खेळणारी माणसं हाताशी आल्यावर निकालही तसाच लागला. २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगची शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा तो पहिला क्लब.

शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला आणि वार्षिक निकाल मात्र आपल्याकडे मागितला, तर कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. देशाच्या संघाच्या कोचचंही तसंच. खेळाडू वर्षभर क्लबकडे असतात. क्लबने सोडले तर ते शिबिराला येणार.

२) वेळ मिळणार का?

आपल्या घोलवड-बोर्डीकडे चिकूचं कलम लावलं की पहिल्याच वर्षी टोपली भरत नाही. काही वर्षं नुसती राखण करायची, मग फळ. संघाचंही असंच असतं.

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. पहिलं लीग विजेतेपद मिळालं १९९३ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी! पुढे २०१३ पर्यंत ते तिथेच होते. मधल्या काळात क्लबने धीर सोडला असता, तर पुढचा सगळा इतिहास घडलाच नसता.

म्हणून अनुभवी उमेदवार मुलाखतीला जाण्याआधी मागची यादी काढतो : या क्लबने गेल्या पाच वर्षांत किती कोच बदलले? दर वर्षी नवा माणूस दिसला तर तो ओळखतो, की खुर्ची मोठी असली तरी तिचे पाय डुगडुगतायत.

३) संघाच्या खाली काय आहे?

वरचे अकरा खेळाडू सगळ्यांना दिसतात. कोच मात्र खाली बघतो. सरावाचं मैदान स्वतःचं आहे का? डॉक्टर, फिजिओ, गोलकीपर शिकवणारा वेगळा माणूस आहे का? १३-१४ वर्षांच्या मुलांची अकादमी आहे का?

जमशेदपूरचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून चालू आहे. जेआरडी टाटा क्रीडा संकुलासारखं मैदान आहे. खालिद जमील राष्ट्रीय संघाकडे येण्याआधी याच गावातल्या जमशेदपूर एफसीचे कोच होते आणि २०२४-२५ मध्ये त्यांचा संघ सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. पाया असला की कोचची अर्धी दमछाक वाचते.

४) पगार वेळेवर आणि करार पक्का?

पगार किती यापेक्षा तो येणार का, हा प्रश्न मोठा. जुलै २०२५ मध्येच इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवून ठेवला गेला, कारण लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार त्या डिसेंबरात संपणार होता आणि नवा ठरला नव्हता. काही क्लबांनी कामकाज थांबवलं, पगार रोखले. नावाजलेले क्लब, मोठे आकडे, पण लीगच नाही तर पगार कुठून?

दुसरी बाजूही बघा. वर ज्या स्टिमाक यांचा उल्लेख आला, त्यांना करार शिल्लक असताना काढलं गेलं. ते फिफाकडे गेले आणि शेवटी महासंघाला ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. कागद पक्का होता म्हणून हे झालं. तोंडी आश्वासनावर काम करणाऱ्याला कोण विचारतो?

५) इथून पुढे रस्ता जातो का?

काही नोकऱ्या शेवटचं स्टेशन असतात, तर काही जंक्शन. मुंबई सिटीत २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटी, मेलबर्न सिटी हे याच समूहाचे क्लब. त्यामुळे तेव्हा ही नोकरी एकदम जंक्शन झाली होती. डेस बकिंगहॅम मेलबर्नला साहाय्यक होते, ते मुंबईत मुख्य कोच झाले. त्यांच्यानंतर आलेले पेत्र क्रात्की हेही मेलबर्नचे साहाय्यकच. लोबेरा मुंबईहून पुढे चीनमधल्या याच समूहाच्या क्लबकडे गेले. साहाय्यकाला मुख्य होण्याची संधी मिळते म्हटल्यावर चांगले तरुण उमेदवार आपणहून येतात.

६) घर आणि मन

ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते. बकिंगहॅम यांच्या मुंबई सिटीने एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ मध्ये लीगची शील्डही आली. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मुंबई सोडून गेले. कुठे? ऑक्सफर्ड युनायटेडकडे, म्हणजे इंग्लंडमधल्या तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये! कारण ऑक्सफर्ड त्यांचं जन्मगाव, आणि तरुणपणी कोचिंगची सुरुवात त्यांनी याच क्लबात केलेली. पुढच्याच मे महिन्यात त्यांनी तो संघ वरच्या लीगमध्ये नेला. बाहेरून बघणाऱ्याला ही नोकरी खालची वाटली असेल. त्यांच्यासाठी ती सगळ्यात मोठी होती.

सगळ्यांना निवड करता येते का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरचे सहा प्रश्न विचारायची ऐपत प्रत्येकाची नसते. भारतीय कोचला बरीच वर्षं उरलेलीच नोकरी मिळायची. खालिद जमील यांनी मुंबई एफसी हा क्लब सुमारे सात वर्षं सांभाळला. नंतर ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. पैसा कमी, नाव लहान, आदल्या हंगामात जवळजवळ लीगबाहेर गेलेला संघ. पण स्थानिक पोरं जिद्दीची होती आणि गाव संघावर जीव टाकणारं होतं. २०१६-१७ मध्ये याच आयझॉलने आय-लीग जिंकली. पुढे २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना नेमलं आणि ते सुपर लीगमधले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य कोच ठरले. म्हणजे सगळ्याच अटी पूर्ण नव्हत्या, पण एक-दोन भक्कम होत्या. त्या कोणत्या हे त्यांनी ओळखलं.

आणि भारताची नोकरी मिळाली म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. २०२७ च्या आशिया कपसाठी आपला संघ पात्र ठरला नाही. आकर्षक नोकरी म्हणजे सोपी नोकरी नव्हे, हेही मुलांना सांगावं.

शिक्षकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट : भारताचे सर्वांत यशस्वी कोच सय्यद अब्दुल रहीम मुळात हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा कोचिंग आणि शिकवणं हे सख्खे भाऊ आहेत. आज ज्याला या वाटेने जायचंय त्याला परवान्यांची शिडी आहे : डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. आपल्या भागातला एखादा चपळ मुलगा किंवा मुलगी मोठा खेळाडू झाली नाही, तरी पुढे डी परवान्यापासून सुरुवात करू शकते, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

आपल्या मुलांसाठी याचा उपयोग काय?

आपली मुलं उंबरगाव, वापी, बोईसरच्या कंपन्यांत जातात. पाड्यावर पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो, "रोज किती देतात?" पन्नास रुपये जास्त दिले की पोरगा एक कंपनी सोडून दुसरीकडे जातो, आणि सहा महिन्यांनी परत घरी. दोष पोराचा नाही. विचारायचं काय, हे त्याला कोणी शिकवलंच नाही. कोच विचारतो तेच प्रश्न आपल्या भाषेत असे होतात :

• पगार कंपनी देणार की ठेकेदार? किती तारखेला? कागदावर काय लिहिलंय?
• पीएफ कापतात का? मशीनवर हात सापडला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार?
• काम किती महिन्यांचं?
• तिथे मशीन शिकायला मिळणार, की नुसतं ओझं उचलायचं?
• चूक झाली तर बोलणी मला, पण काम कसं करायचं यात माझं कोणी ऐकणार का?
• रोज घरी येता येईल का?

वर्गात घेण्यासारखा उपक्रम (सहावी ते आठवी)

फळ्यावर दोन काल्पनिक नोकऱ्या लिहा.
नोकरी अ : मोठा संघ, भरपूर पगार, पण एका वर्षात तीन कोच बदललेले, खेळाडू मालक निवडणार.
नोकरी आ : लहान संघ, पगार निम्मा, पण तीन वर्षांचा लेखी करार, स्वतःचं मैदान, खेळाडू कोच निवडणार.

गट करा. प्रत्येक गटाने एक नोकरी निवडून तीन कारणं सांगायची. मग विचारा, "ज्याच्या घरी आई आजारी आहे, त्याने कोणती घ्यावी?" बघा, लगेच काही मुलं बाजू बदलतील. उत्तर एकच नसतं, पण प्रश्न सगळे विचारायचे असतात, हे मुलांच्या तिथेच लक्षात येतं.

पालकहो, घरात नोकरीचा विषय निघाला की "किती देतात?" हा प्रश्न जरूर विचारा. फक्त तिथेच थांबू नका. १७० जणांनी अर्ज करताना जसा सगळा हिशेब मांडला असेल, तसा आपल्या लेकरालाही एकदा मांडू द्या.