जलसुरक्षा आणि अध्यापकांची भूमिका
बीदरचा कारंजा जलाशय असो वा कलबुर्गीची भीमा, या सीमाभागातील विद्यार्थ्यांचा पाण्याशी नित्य संबंध येतो. येथे पाऊस नसतानाही भीमा वाढू शकते, कारण वर महाराष्ट्रात उजनी धरण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी व उजनीचा विसर्ग यांमुळे अफझलपूर तालुक्याला पुराचा तडाखा बसला. म्हणून विसर्गाची सूचना मशिदी व मंदिरांच्या ध्वनिक्षेपकांवरून त्वरित दिली जावी.

दुसरा प्रश्न बचावाचा. बुडणारा वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो आणि दोघांचाही जीव धोक्यात येतो. तेव्हा उडी न घेता काठावरूनच दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन द्यावा.

बाहेर काढलेल्यास उलटे धरून पोट दाबण्याची रीत घातक आहे. त्यामुळे पोटातील पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते व वेळ दवडला जातो. खरी उणीव प्राणवायूची असते. श्वास बंद असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम चालू ठेवावा. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर कळवावे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन ठरवला. तो ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयात दोर फेकण्याचा व श्वास देण्याचा सराव झाला, तर हे ज्ञान घराघरांत पोहोचेल.