विश्वास कुणावर ठेवायचा?

कादंबरीची कार्यशाळा : भाग ९

चैत्री पौर्णिमेची रात्र होती. बेंगळुरूच्या जुन्या पेटेत, तिगळरपेटेतल्या धर्मरायस्वामींच्या देवळाबाहेर मी आणि शेजारच्या अज्जी गर्दीत उभ्या होतो. मध्यरात्र उलटली तरी करगा बाहेर आला नव्हता. करगा म्हणजे द्रौपदीची शक्ती, मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला उंच निमुळता डोलारा. तो डोक्यावर घेणारा पुजारी तिगळ समाजातला. बाईच्या वेशात, करग्याला हात न लावता, तो रात्रभर पेटेच्या गल्ल्यांमधून चालतो. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. करगा ढळला तर त्याच तलवारी त्याच्यावर चालतील, अशी जुनी समजूत आहे. वाटेत कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यापाशी मिरवणूक थांबते आणि पहाटेला देवळाकडे परतते.

अखेर 'गोविंदा, गोविंदा' असा गजर उठला, वरून मोगरा बरसायला लागला आणि मी टाचा उंचावल्या. अज्जी मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्याच्याकडे बघ. माझं मन त्याच्या बायकोकडे जातं."

मग त्यांनी रीत सांगितली. करगा वाहणाऱ्याची बायको आपलं मंगळसूत्र आणि बांगड्या उतरवून त्याला देते. उत्सव पार पडेपर्यंत ती विधवेसारखी राहते. करगा तिनं पाहायचा नसतो. सगळं सुखरूप झालं की तो पुन्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधतो.

रस्त्यावर हजारो माणसं होती, आणि मला दिसायला लागली ती बंद खोलीतली एकटी बाई. तिचं नवऱ्यावर प्रेम आहे. त्याच्या जिवाची धास्ती आहे. आणि देवी त्याला सांभाळेल अशी श्रद्धा आहे. या तीन गोष्टी तिच्या मनात वेगवेगळ्या काढून दाखवता येतील का? आजच्या भागाचा कादंबरीप्रकार नेमका तिथे, त्या खोलीत बसलेला आहे.

इंग्रजीत त्याला 'इन्स्पिरेशनल रोमँटिक सस्पेन्स' असं लांबलचक नाव आहे. त्यातल्या 'इन्स्पिरेशनल' शब्दानं आपली फसगत होते. यशाची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकांशी त्याचा संबंध नाही. अमेरिकी प्रकाशनव्यवसायात या शब्दाचा अर्थ श्रद्धेची, बहुतेक वेळा ख्रिस्ती श्रद्धेची, कथा असा आहे. हार्लेक्विननं १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही श्रद्धाप्रधान प्रेमकथांची मालिका काढली आणि २००५ मध्ये तिची धोक्याच्या, पाठलागाच्या कथांची शाखा काढली. साधारण पंचावन्न हजार शब्द, पहिल्या पानापासून संकट, शेवटी लग्नाची खात्री, शिवीगाळ नाही, शय्यागृहाचं दार बंद. बांधीव घाट आहे. त्याला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण अभंगालाही घाट असतोच आणि त्यामुळे त्यातली आर्तता कमी होत नाही.

या घाटात मनापासून लिहिलेलं काय असतं ते पाहायचं तर डी हेंडरसन यांची 'द निगोशिएटर' (२०००) वाचावी. तिची नायिका केट ओमॅली ओलिसांच्या सुटकेसाठी बोलणी करते. समोर बंदूक रोखलेला माणूस असताना आवाज शांत ठेवायचा आणि मनात मात्र कुणावरच विसंबायचं नाही, ही तिची नोकरी. अनाथपणात वाढल्यामुळे तिचा स्वभावही तसाच घडलेला. तिच्या प्रेमात पडणारा डेव्ह श्रद्धाळू आहे, ती नाही, आणि त्याच्यासाठी तो फरक किरकोळ नाही. म्हणजे गुन्हेगारापुढे, प्रियकरापुढे आणि देवापुढे केटला एकच प्रश्न पडतो: याच्यावर विश्वास ठेवू का?

मला या प्रकाराचं मर्म इथे सापडतं, आणि मराठीत ते इंग्रजीहून स्वच्छ दिसतं. आपण माणसावर विश्वास ठेवतो, देवावरही विश्वासच ठेवतो आणि गुन्ह्याच्या मुळाशी असतो तो विश्वासघात. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. प्रेम, भय आणि श्रद्धा अशी तीन सूतं आणून त्यांची वेणी घालायची, असं नवशिक्या लेखकाला वाटतं. पण तिथे सूत एकच असतं आणि त्याला तीन ठिकाणी गाठ पडलेली असते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी पहिली अशी कादंबरी मी मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात, पहाटे पाच ते सात या वेळात लिहिली. नायिका बेळगावच्या वारकरी घरातली, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस. खोटी बिलं तिच्या हाती लागतात, धमक्या येतात, एक सहकारी मदतीला धावतो. मधूनमधून ती हरिपाठ म्हणते. हस्तलिखित वाचून एका प्रकाशकांनी कळवलं, "कथा चांगली आहे, फक्त हरिपाठाचे प्रसंग काढा." मला फार लागलं ते. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग त्यांना चूक ठरवण्यासाठी मी ते प्रसंग खरोखर काढले. अकरा पानं गेली आणि बाकीच्या कादंबरीत एक वाक्यही बदलावं लागलं नाही. म्हणजे चूक माझी होती. मी श्रद्धा वरून चिकटवली होती.

पुन्हा लिहायला दीड वर्ष लागलं. दुसऱ्या खर्ड्यात नायिकेला हरिपाठ म्हणताच येत नाही. तिच्या वडिलांची आयुष्यभराची ठेव त्यांच्याच भजनी मंडळातल्या एका आदरणीय माणसानं बुडवलेली आहे. तेव्हापासून टाळांचा आवाज आला की ती खिडकी लावून घेते. आता तिच्याकडे खऱ्या हिशेबाची एकुलती एक वही आहे आणि ज्याच्याबद्दल तिला खात्री नाही अशा एका माणसाच्या हाती ती सोपवण्यावाचून गत्यंतर नाही. तो सहकारीही माळकरीच केला मी. त्यामुळे त्याच्या गळ्यातली माळ हेच तिच्या संशयाचं कारण झालं. या खर्ड्यातून हरिपाठ काढला असता तर रहस्यही कोसळलं असतं आणि प्रेमही.

मराठीला हे सगळं परकं आहे असं कुणी म्हटलं की मला बाबा पद्मनजींची आठवण होते. ते बेळगावचे, जन्म १८३१. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते ओळखतो. यमुना आणि विनायकराव या जोडप्याचा प्रवास, वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या, अपघातात विनायकरावाचा मृत्यू आणि मरताना त्यानं घेतलेला बाप्तिस्मा, मग यमुनेचं वैधव्य, धर्मांतर आणि पुनर्विवाह. पद्मनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि त्यांनी ही कथा उघडपणे श्रद्धेसाठी आणि विधवांच्या दुःखासाठी लिहिली. म्हणजे आपल्या कादंबरीची पहिली पावलं प्रेम आणि श्रद्धा यांच्याच वाटेवर पडली. पुढे वाटा फुटल्या. भयाची वाट बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथांनी रुंद केली. सुहास शिरवळकरांनी रहस्यकथांचे नायकही घडवले आणि 'दुनियादारी'ही लिहिली. नारायण धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांत श्रद्धा आणि भय समोरासमोर उभे ठाकले, पण प्रेमाला तिथे फारशी जागा मिळाली नाही. तिन्हींची एकच गाठ बांधायचं काम मराठीत अजून पुष्कळ शिल्लक आहे.

बेंगळुरूतही सूतं अशीच वेगवेगळ्या हातांत दिसतात. कन्नडमध्ये गुप्तहेराला 'पत्तेदार' म्हणतात, आपल्या 'पत्ता लावणे'ला किती जवळचा शब्द! एन. नरसिंहय्या यांनी पत्तेदार पुरुषोत्तम हा नायक घडवला आणि पाचशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. जाहिरातक्षेत्रातल्या मिलन व्होरा इथूनच मिल्स अँड बूनच्या पहिल्या भारतीय लेखिका झाल्या, त्यांची 'द लव्ह आसना' २०१० ची. अनिता नायर यांचा इन्स्पेक्टर बोरेई गौडा 'कट लाइक वूंड' (२०१२) मध्ये शिवाजीनगरच्या गल्ल्यांत खुन्याचा माग काढतो आणि त्याच वेळी कॉलेजच्या दिवसांतली प्रेयसी त्याच्या आयुष्यात परत येते.

आणि अंदलीब वाजिद. या प्रकाराच्या सगळ्यात जवळ मला त्याच वाटतात, जरी त्यांच्या पुस्तकांवर असं लेबल नाही. 'काइट स्ट्रिंग्ज' (२००९) पासून त्या सातत्यानं लिहीत आल्या आहेत, प्रेमकथाही आणि 'हाउस ऑफ स्क्रीम्स'सारखी भयकथाही. 'अस्माराज समर' (२०१६) मधली मुलगी सुट्टीत आजीआजोबांकडे टॅनरी रोडच्या साध्या वस्तीत राहायला जाते आणि ते मैत्रिणींपासून लपवते. त्यांच्या घरांमध्ये धर्म जेवणाच्या वेळेइतका सहज असतो, कुणी त्यावर भाषण देत नाही. ज्यांना श्रद्धेची कथा लिहायची आहे त्यांनी तो सहजपणा नीट पाहावा. प्रार्थनेबद्दल चार वाक्यं लिहिण्यापेक्षा घाईत असूनही देव्हाऱ्यापाशी अर्धा क्षण थबकणारं पाऊल लिहावं.

प्रार्थनेनं चोर पकडून द्यायचा नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे. चमत्कारानं सुटलेलं रहस्य वाचकाचा विश्वासघात करतं. श्रद्धा एवढंच करू शकते की जिथून पळ काढावासा वाटतो त्या खोलीत ती माणसाला परत पाठवते. म्हणून नायिकेचा आतला निर्णय आधी आणि बाहेरचा विजय नंतर. क्रम उलटा झाला, संकट टळल्यावर तिनं हात जोडले, तर ते नुसतं आभारप्रदर्शन होतं.

सगळ्यात अवघड जातो तो वेळेचा मेळ. प्रेमाला सवड लागते आणि संकट सवड देत नाही. पाठलाग चालू असताना दोन माणसांनी एकमेकांना ओळखायचं कधी? त्यासाठी सक्तीनं थांबावं लागेल अशा जागा शोधाव्या लागतात. बंद पडलेली लिफ्ट सर्वांनी वापरून झिजवली आहे. बेंगळुरूनं मला सिल्क बोर्डचा चौक दिला. मागची गाडी दहा वाहनं सोडून आहे, पुढे सरकायला वाव नाही, उतरून पळावं तर पाऊस. चाळीस मिनिटं ते दोघं काचा लावून बसले आहेत. त्या प्रकरणात मी तिला पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलायला लावलं. वाचकाला मागची गाडी ठाऊक आहे, तिला नाही. लपवलं की कुतूहल वाढतं, आधी सांगितलं की जीव टांगणीला लागतो. प्रेमाचा प्रसंग दुसऱ्या पद्धतीत अधिक खुलतो, कारण तिच्या प्रत्येक वाक्यावर वाचक मनात म्हणत असतो, लवकर बोल गं.

स्पर्शाची काटकसर ही मला अडचण वाटत नाही. दोनशे पानांत एकदाच हात हातात घ्यायचा असेल तर तो कुठे घ्यायचा यावर आठवडाभर विचार होतो, आणि असा विचार झालेला प्रसंग वाचणाऱ्याला जाणवतो.

कायद्याची माहिती मात्र ताजी हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेत खुनासाठी 'तीनशे दोन' लिहिलं तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे. नव्या संहितेतलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांबद्दल. श्रद्धेची कथा लिहिणाऱ्यानं तर हा फरक ध्यानात ठेवलाच पाहिजे. बेंगळुरूच्या रस्त्यावर मदतीला येणाऱ्या पोलिसांच्या गस्तीच्या गाडीला लोक 'होयसळा' म्हणतात, हेही माहीत हवं. अशा लहान शब्दांनी शहर खरं होतं.

रोजच्या लिहिण्याबद्दल बरेच वाचक पत्रांतून विचारतात. रोज पाचशे शब्द धरले तर पंचावन्न हजारांना एकशेदहा दिवस लागतात, आणि तो झाला पहिला खर्डा. माझे पाचशे रोज होत नाहीत. सासूबाईंच्या आजारपणात सात महिने एकही ओळ झाली नाही. तेव्हा मी फक्त नायिकेला सोबत घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसत असे, आणि वाट पाहणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

सध्या मी करग्याच्या रात्रीचं प्रकरण लिहिते आहे. ती बायको, ती खोली. एका जागी अडले होते. करगा पाहायचा नाही हे ठीक, पण मिरवणूक जवळून गेली तर तिला काय कळत असेल? तिच्या खोलीत मी अंधार आणि शांतता लिहिली होती, आणि ते प्रकरण काही केल्या जिवंत होत नव्हतं. परवा मिरच्या वाळत घालताना अज्जींना विचारलं. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"पाहायचं नसतं, ऐकायचं नसतं असं कुठे आहे? वाद्यं वाजतात, गोविंदा ऐकू येतो. वाद्यं थांबली की तिचा जीव थांबत असेल."

मी घरात आले आणि शांततेची तीन पानं खोडली.