वेदनेची कळ व पंपाची कळ

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला अचूकपणा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक दिसला, तरी तो तयार झालेला भाग बाजूला काढतो. परंतु यंत्र निर्दोष असूनहि त्यावर आंकडा चुकीचा लावला तर सगळा माल वायां जातो, हेंहि त्यालाच अधिक ठाऊक असतें. शस्त्रक्रियेनंतर कांहीं रुग्णांच्या उशाशीं बसविल्या जाणाऱ्या वेदनाशामक पंपाची गोष्ट अशीच आहे. भेद एवढाच, कीं येथें पणाला लागलेली वस्तु लोखंडाची नसते.

पोटाची किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, भूल उतरली, कीं कळा सुरू होतात. जुनी रीत अशी, कीं रुग्णानें हांक मारावी आणि परिचारिकेनें औषध आणून टोंचावें. तोंवर वेदना शिगेला पोंचलेली असे. मग एकदम मोठी मात्रा, मग गुंगी, आणि पुन्हां वेदना. अमेरिकेंतील डॉ. फिलिप सेक्झर यांनीं १९६८ च्या सुमारास रुग्णाच्याच हातीं कळ देऊन शिरेंत अल्प मात्रा सोडण्याचे प्रयोग केले. १९७६ सालीं ब्रिटनमध्यें ‘कार्डिफ पॅलिएटर’ हा अशा प्रकारचा पंप विक्रीस आला.

कळ दाबली कीं ठरलेली मात्रा, बहुधा १ मिलिग्रॅम मॉर्फीन, शिरेंत जाते. त्यानंतर ५ ते १० मिनिटें यंत्र बंद राहतें. त्या अवधींत वीस वेळां कळ दाबली तरी औषध मिळत नाहीं. याहून मोठें संरक्षण मात्र यंत्रांत नसून रुग्णांत आहे. औषध अधिक झालें कीं त्याला गुंगी येते, आणि झोंपलेला हात कळ दाबीत नाहीं.

चांगल्या विजेरी पंपाची चूक सामान्यतः शेंकडा ५ च्या आंत असते. १ मिलिग्रॅममध्यें एवढ्या फरकानें अपाय होत नाहीं. अपाय होतो तो आंकडा भरतांना. सिरिंजमध्यें दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतां पंपाला १ मिलिग्रॅम असें सांगितलें, तर पडद्यावर १ दिसेल आणि शरीरांत ५ जातील. अशा चुकीनें घडलेल्या मृत्यूचा विचार कॅनडांतील भूलशास्त्राच्या नियतकालिकानें २००३ सालीं छापला होता. म्हणून चिठ्ठी, सिरिंज आणि पंप हीं तिन्ही दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावीं. सिरिंज नीट न बसवितां पंप रुग्णाहून उंच टांगल्यास औषध आपल्याच भारानें वाहूं शकतें. तें रोखणारी झडप नळींत असावी.

दुसरा धोका मायेपोटीं येतो. रात्रपाळी संपवून आलेला मुलगा आईच्या उशाशीं बसतो. ती झोंपेंत कण्हते, आणि तो तिच्यासाठीं कळ दाबतो. त्या क्षणीं झोंपलेल्या हाताचें संरक्षण नाहींसें होतें. अमेरिकेंतील ‘जॉइंट कमिशन’नें २००४ च्या डिसेंबरांत याच गोष्टीविरुद्ध रुग्णालयांना इशारा दिला. कळ रुग्णाखेरीज कोणीहि दाबूं नये, हा नियम घरच्या माणसांना आधींच समजावून सांगावयास हवा.

धोक्याची खूण आधीं गुंगींत दिसते, मग श्वास मंदावतो. प्राणवायु लावलेला असतां बोटावरील ऑक्सिमीटर बराच वेळ चांगला आंकडा दाखवूं शकतो. म्हणून रुग्ण हांकेला ओ देतो कीं नाहीं हें पाहावें व श्वास मोजावे. घोरतांना श्वास अडकण्याची संवय, मूत्रपिंडाचा विकार, झोंपेच्या गोळ्या, यांतील कांहीं असल्यास तें शस्त्रक्रियेपूर्वींच भूलतज्ज्ञांना सांगावें. मात्रा अधिक झालीच तर नॅलोक्सोन हें उतारा-औषध आहे. परंतु तें वेळेवर मिळावयाचें तर कोणाचें तरी लक्ष रुग्णाकडे असावें लागतें. आप्तांना कळ दाबावयाची नसली, तरी हें लक्ष ठेवण्याचें व परिचारिकेला तत्काळ बोलावण्याचें काम त्यांना करतां येतें.